दुबई मॉल एका संध्याकाळी: पायांचा हिशेब ठेवून केलेलं नियोजन

दुबईच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ हमखास असते: 'सायंकाळी दुबई मॉल, बुर्ज खलिफा व कारंजी.' बस दाराशी थांबते, टूर लीडर 'साडेआठला इथेच भेटू' म्हणतो आणि चाळीस माणसं आत शिरतात. साडेआठला त्यातली निम्मी हजर असतात. बाकीच्यांना फोन लावावे लागतात आणि प्रत्येक जण सांगतो, 'आलोच, मी धबधब्यापाशी आहे.'

भाऊ दुबईत राहत असल्यामुळे मी या मॉलमध्ये आईबाबांना, सासूबाईंना, गुडघे दुखणाऱ्या आत्याला आणि एकदा तीन शाळकरी भाच्यांना घेऊन गेले आहे. पहिल्या खेपेला सगळं चुकलं. नवीन चपला, जेवणाची वेळ टळलेली, कारंजी पाहायला पोहोचलो तेव्हा खेळ नुकताच संपलेला. पुढच्या खेपांना जे जमलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी आकाराची कल्पना येऊ द्या. ४ नोव्हेंबर २००८ ला उघडलेल्या या मॉलमध्ये १,२०० हून जास्त दुकानं आहेत. प्रत्येकासमोर एकच मिनिट थांबलात तरी वीस तास लागतील. २०२३ मध्ये इथे साडेदहा कोटी माणसं येऊन गेली, म्हणजे दिवसाला सरासरी पावणेतीन लाखांहून जास्त. त्यामुळे 'मॉल बघून येऊ' हा विचारच सोडून द्यावा. बघायची ती त्यातली चार-पाच ठिकाणं. पैसे किती खर्च होणार हे माणसं घरूनच ठरवून निघतात, पण पावलांचं बजेट कोणी करत नाही आणि खरा तुटवडा तिथेच पडतो.

दिवस आणि वेळ

अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी पद्धत आहे. शुक्रवार दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत मॉलमध्ये जत्रा असते. जमेल तर मंगळवार किंवा बुधवार धरा.

वेळेच्या बाबतीत आपली माणसं एक गोष्ट विसरतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिथे रात्री दहा वाजतात तेव्हा आईच्या शरीरात साडेअकरा वाजलेले असतात. पहाटेचं विमान पकडून त्याच संध्याकाळी मॉल गाठायचा हट्ट धरलात, तर कारंज्यांच्या ऐन खेळात कोणीतरी बाकावर पेंगताना दिसेल. पहिला दिवस सोडा, दुसरा किंवा तिसरा घ्या.

हिवाळ्यात चारच्या सुमारास पोहोचावं. डिसेंबरात साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे उजेड, संधिप्रकाश आणि अंधार तिन्ही पदरात पडतात. जून-जुलैत मात्र सूर्यास्त सातच्या पुढे जातो आणि बाहेर उभं राहणं नकोसं होतं. तेव्हा सहाला पोहोचा आणि कारंजी आठनंतर बघा. डिसेंबर-जानेवारीत दुबई शॉपिंग फेस्टिव्हल असतो (तो १९९६ पासून चालू आहे). सवलती खऱ्या असतात आणि गर्दीही. ३१ डिसेंबरला मात्र आतषबाजीच्या नादाने बेत आखू नका. त्या दिवशी गर्दी आवरण्यासाठी मॉलजवळचं मेट्रो स्टेशन संध्याकाळीच बंद करतात आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन परत निघणं हे एक दिव्यच होतं.

पोहोचायचं कसं

मेट्रोची रेड लाइन, स्टेशन बुर्ज खलिफा/दुबई मॉल. विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ वरूनही हीच लाइन जाते. मशिनवर किंवा काउंटरवर 'नोल' कार्ड घ्या. साधं चंदेरी कार्ड २५ दिरहमला मिळतं, त्यातले १९ दिरहम प्रवासासाठी शिल्लक असतात. डबे बघून चढा. गोल्ड क्लासचा डबा वेगळा असतो, त्यात साध्या कार्डावर चढलात तर दंड होतो. महिला आणि मुलांसाठी राखीव डबा असतो, त्यात चुकून घुसलेल्या काकांनाही तोच प्रसाद. गाडीत आणि स्टेशनात खाणंपिणं मना आहे, च्युइंगमसुद्धा नाही. पर्समधल्या चकलीच्या पिशवीला गाडीत हात लावू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. स्टेशनावर उतरलात म्हणजे मॉलमध्ये पोहोचलात असं नाही. दोन्हीच्या मध्ये सुमारे ८२० मीटरचा बंदिस्त, वातानुकूलित पूल आहे. सरकते पट्टे आहेत, पण सलग नाहीत. गर्दीच्या वेळी पंधरा मिनिटं धरून चाला. गुडघेदुखीवाल्यांचं निम्मं बजेट इथेच खर्ची पडतं, म्हणून आत्याला मी जाताना टॅक्सीने नेते आणि बाकीच्यांना मेट्रोने. परतताना वेगळा विचार करावा लागतो, तो पुढे सांगते.

नातेवाइकांच्या गाडीने जात असाल तर एवढं माहीत असू द्या: जुलै २०२४ पासून ग्रँड, सिनेमा आणि फॅशन या तीन पार्किंगला पैसे पडतात. कामाच्या दिवशी पहिले चार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास फुकट, त्यापुढे आकार सुरू. मॉलमध्ये एकूण १४,००० गाड्यांची सोय आहे. गाडी लावल्यावर खांबावरचा मजला आणि क्रमांक यांचा फोटो काढलाच पाहिजे.

अंगावर आणि पिशवीत

वापरलेले, पायात बसलेले बूट. नवे बूट दुबईत उद्घाटनासाठी आणू नका. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. तशा सूचना मॉलमध्ये लावलेल्या असतात. एसी कडक असतो, म्हणून एक शाल किंवा स्टोल. फोनचा चार्जर, औषधं, पाण्याची बाटली. खरेदी करायची असेल तर पासपोर्ट, तो कशासाठी हे करपरताव्याच्या वेळी कळेल. व्हीलचेअर लागणार असेल तर संकोच न करता ग्राहकसेवेच्या काउंटरवर मागा. सासूबाई आधी 'मी काय आजारी आहे का?' म्हणाल्या होत्या, अर्ध्या तासाने खुर्ची सोडायला तयार नव्हत्या.

मजल्यांची भाषा

लिफ्टमध्ये 'एलजी', 'जी', १, २ अशी बटणं दिसतील. एलजी म्हणजे तळमजल्याच्याही खालचा मजला. मेट्रोचा पूल तुम्हाला दुसऱ्या मजल्यावर आणून सोडतो आणि कारंजी खाली तलावाकाठी आहेत. म्हणजे सगळी सहल वरून खाली उतरत करायची, हे सूत्र धरा. जो माणूस वरखाली येरझारा घालतो तो दमतो.

सुरुवातीला सांगितलेल्या धबधब्याचं कोडं इथेच सुटतं. धबधबा एकच आहे, २४ मीटर उंचीचा, पाण्यात सूर मारणाऱ्या माणसांच्या पुतळ्यांसह. पण तो अनेक मजल्यांवरून दिसतो. आमचे बाबा एका मजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या, दोघेही खरंच धबधब्यापाशी, आणि चाळीस मिनिटं एकमेकांवर चिडत उभे. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: जागा सांगताना आधी मजला, मग समोरच्या दुकानाचं नाव. शिवाय आत शिरतानाच 'चुकामूक झाली तर अमुक वाजता तमुक ठिकाणी' हे ठरवून टाका. मॉलमध्ये फुकट वाय-फाय आहे. आत आल्या आल्या सगळ्यांचे फोन जोडून घ्या आणि मॉलचं अ‍ॅप एकाच्या तरी फोनवर उतरवा. त्यातला नकाशा पाट्यांपेक्षा शहाणा आहे.

फिरण्याचा क्रम

आत आल्यावर पहिली वीस मिनिटं दुसऱ्या मजल्याच्या फूड कोर्टाजवळ बसून काढा. स्वच्छतागृह, चहा, पाणी. हे वेळ घालवणं वाटतं, पण पुलावरून आलेली माणसं इथे बसली नाहीत तर पुढे कुठेही बसतात.

मग मत्स्यालय. त्याची टाकी ५१ मीटर लांब, ११ मीटर उंच, आणि तिच्यात एक कोटी लिटर पाणी. आपल्या सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरला तर असे हजार टँकर. समोरची पारदर्शक भिंत जवळपास ३३ मीटर रुंद आणि ८.३ मीटर उंच आहे. ही भिंत मॉलच्या वाटेवरच आहे आणि तिच्यासमोर उभं राहायला तिकीट लागत नाही. बहुतेक जण नेमकं हेच न कळल्यामुळे घाईने तिकीट काढतात. तिकीट लागतं ते टाकीखालून जाणाऱ्या ४८ मीटरच्या बोगद्याला आणि वरच्या प्राणिसंग्रहालयाला. माझं मत विचाराल तर मुलं बरोबर असतील तर घ्यावं, मोठीच माणसं असतील तर भिंतीसमोर पंधरा मिनिटं शांत उभं राहावं. शार्क आणि पाकट मासे डोक्यावरून जाताना तिथूनही दिसतात. आधी वरच्या मजल्याच्या कठड्यावरून बघा, मग खाली उतरून समोरून.

तिथून आइस रिंक. स्केटिंग करायचं नसेल तरी वरून बघायला मजा येते. घसरगुंडी झालेली पोरं आणि त्यांचे घाबरलेले बाप, फुकटचा तमाशा. मुलांना उतरवायचं असेल तर पायमोजे घरूनच न्या.

मग सूकचा, म्हणजे अरबी बाजाराच्या धाटणीचा भाग. इथल्या कमानींच्या घुमटाखाली एक डायनोसॉर उभा आहे आणि टूरवाले त्याचं नावही घेत नाहीत. डिप्लोडोकस जातीचा हा सांगाडा २४ मीटरहून लांब आहे, सुमारे साडेपंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. तो २००८ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये सापडला आणि २०१४ पासून इथे आहे. प्लास्टिकची प्रतिकृती समजून लोक पुढे जातात, पण त्यातली बहुतांश हाडं अस्सल आहेत. संग्रहालयात याच्यासाठी तिकीट काढावं लागलं असतं.

वाचणारी माणसं बरोबर असतील तर किनोकुनिया या जपानी पुस्तकदुकानासाठी वेगळा तास राखून ठेवा. आमच्याकडे बाबा तिथे गेले की उरलेला कार्यक्रम त्यांच्याविना होतो, आणि सगळे सुखी असतात.

बुर्ज खलिफाच्या वर जायचं असेल तर प्रवेश मॉलच्या आतूनच, एलजी मजल्यावरून आहे. १२४ आणि १२५ व्या मजल्याचं तिकीट स्वस्त, १४८ व्याचं बरंच महाग. सूर्यास्ताच्या वेळेचे स्लॉट जास्त दराने विकतात आणि लवकर संपतात, म्हणून तिकीट घरून ऑनलाइन काढा. तिकिटावरची वेळ ही रांगेत शिरण्याची वेळ असते, वर पोहोचण्याची नाही. खाली येतानाही लिफ्टसाठी रांग असते. एकूण दोन तास बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी इतर तिकिटं काढू नका.

शेवटी कारंजी. तलावातली ही कारंजी २७५ मीटर लांबीत पसरलेली आहेत आणि पाणी दीडशे मीटरपर्यंत उडतं. लास व्हेगासच्या बेलाजिओ हॉटेलसमोरची कारंजी ज्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने केली, तिचंच हे काम. संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत साधारण दर अर्ध्या तासाने खेळ होतो आणि तो पाचेक मिनिटांत संपतो. म्हणजे एक चुकला तर रडायचं कारण नाही, आइस्क्रीम खाऊन पुढचा बघावा. होडीचं तिकीट आणि पाण्यावरच्या फळीवर उभं राहून बघायचं तिकीट विकणारे भेटतील. काठावरून फुकट दिसतं ते पुरेसं आहे. दोन जागा सांगते. एक, सूक अल बहारकडे जाणारा पूल, तिथे दहा मिनिटं आधी उभं राहायचं. दुसरी, अ‍ॅपलच्या दुकानाची तलावाकडची गच्ची. पहिला खेळ पुलावरून आणि दुसरा गच्चीवरून बघा. गाणं दरवेळी बदलतं. फोटो काढताना अनोळखी माणसं, विशेषतः स्त्रिया, चौकटीत येणार नाहीत असं बघा. तिथे हा नुसत्या शिष्टाचाराचा नाही, कायद्याचा विषय आहे.

टूरबरोबर दोनच तास मिळाले असतील तर: मत्स्यालयाची भिंत, धबधबा, एक कारंज्यांचा खेळ. दुकानं नाहीत. एकाही दुकानात पाय ठेवलात तर तिन्हीपैकी एक गेलंच.

खरेदी

मॉलमधल्या ब्रँडच्या दुकानांत घासाघीस चालत नाही. तो हौसेचा भाग देरा किंवा मीना बाजार या शहरातल्या जुन्या बाजारांसाठी राखून ठेवा. पाटीवरच्या किमतीत ५ टक्के व्हॅट धरलेलाच असतो. एखादी वस्तू स्वस्त वाटली तर लगेच त्याच कंपनीची भारतातली वेबसाइट उघडून किंमत ताडून पाहा. कपड्यांच्या बाबतीत कित्येकदा आपल्याकडेच स्वस्त निघतं. विजेच्या वस्तू घेताना भारतात वॉरंटी चालेल का ते बिलावर लिहून घ्या, आणि लक्षात ठेवा की तिथला प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा असतो.

कार्ड मशिनवर 'रुपयांत की दिरहममध्ये?' असा प्रश्न आला तर डोळे झाकून दिरहम निवडा. रुपये निवडले की दर मशिनवाला ठरवतो, आणि तो आपल्या भल्यासाठी ठरवत नाही.

आता पासपोर्टचं काम. पर्यटकांना व्हॅट परत मिळतो. एका दुकानातलं बिल किमान २५० दिरहमचं हवं, आणि पैसे देतानाच 'टॅक्स फ्री' सांगावं लागतं. नंतर आठवलं तर उपयोग नाही. परत मिळतो तो भरलेल्या व्हॅटचा ८५ टक्के भाग, त्यातून प्रत्येक बिलामागे ४.८० दिरहम वजा. आकडे मांडून बघा. हजार दिरहमच्या बिलात व्हॅट असतो सुमारे ४७.६०, त्याचे ८५ टक्के साडेचाळीस, वजावट करून हातात येतात पस्तीसच्या थोडे वर. अडीचशेच्या बिलावर मात्र जेमतेम पाच दिरहम. तात्पर्य, चार दुकानांत अडीचशे-अडीचशेचं घेण्यापेक्षा एका ठिकाणी हजारचं घेतलेलं बरं. पाच दिरहमसाठी विमानतळावर रांगेत उभं राहायचं की कॉफी प्यायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

परताव्याची नोंद विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी करायची असते, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. त्या बॅगेत सगळ्यात वर ठेवा. आत्याने बांगड्या साड्यांच्या तळाशी गुंडाळून ठेवल्या होत्या आणि आम्ही काउंटरसमोर बसून बॅग उपसली.

सोन्याचा विषय निघालाच आहे तर: ग्रॅमचा दर रोज जाहीर होतो आणि सगळीकडे जवळपास तोच असतो. फरक पडतो तो घडणावळीत, आणि तिथे बोलायला वाव असतो. म्हणून मॉलमध्ये डिझाइन बघा, भाव देराच्या गोल्ड सूकमध्ये करा. आपल्याकडे कस्टम्समध्ये दागिन्यांवर ग्रॅमच्या हिशेबाने जी सूट मिळते, ती वर्षभराहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, पाच दिवसांच्या सहलीला गेलेल्यांसाठी नाही. हे ठाऊक नसल्यामुळे मुंबईच्या विमानतळावर दरवेळी कोणीतरी वाद घालताना दिसतं.

सुकामेवा, खजूर, कुनाफा-पिस्त्याचं चॉकलेट या गोष्टी मॉलच्या झगमगत्या स्टॉलवरून न घेता शहरातल्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमधून घ्या.

पोटाचं

शाकाहारी मंडळींची मॉलमध्ये उपासमार होत नाही. फलाफल, हुमुस, झातर (अरबी मसाला) लावलेला मनाकीश नावाचा रोटीसारखा पाव हे पोटभरीचं आहे, आणि भारतीय पदार्थही मिळतात. मांसाहारींसाठी फूड कोर्टात सौदीहून आलेलं, तळलेल्या चिकनचं अल बैक आहे. तिथे रांग असते, पण ती सरकते. रात्री सात ते नऊ जागा मिळणं अवघड, म्हणून साडेसहाला किंवा मग सरळ बाहेर पडून बर दुबई नाहीतर करामा या भागांत जेवा. वरण-भाताची आठवण अनावर झालेल्यांना तिकडे काहीतरी मिळतंच.

परतताना दहा-साडेदहाच्या खेळानंतर एकाच वेळी सगळे निघतात, त्यामुळे टॅक्सीची रांग लांबते आणि पूल भरून वाहतो. शेवटच्या खेळाची वाट न बघता एक खेळ आधी निघा. घाई असेल तर मेट्रो, पाय थकले असतील तर टॅक्सी. रविवारी सकाळी विमान असेल तर मेट्रो त्या दिवशी उशिरा, आठला सुरू होते हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या देशात असाल तर

हाच क्रम थोड्या फरकाने इतरत्र चालतो. बँकॉकच्या आयकॉनसायाम मॉलला साथोर्नच्या धक्क्यावरून बोट जाते. बोटीनेच जा, आणि तळमजल्यावर तरंगत्या बाजाराची नक्कल केली आहे तिथेच जेवा. थायलंडमध्ये करपरताव्यासाठी एका दुकानात एका दिवशी किमान दोन हजार बाथची खरेदी लागते. सिंगापूरच्या विमानतळालगतच्या ज्युएल मॉलमध्ये ४० मीटरचा धबधबा आहे. त्यासाठी वेगळा दिवस नको, परतीच्या विमानाआधी चार तास पोहोचलं की झालं. कॅनडातला वेस्ट एडमंटन मॉल १९८१ चा. तिथे लाटांचा तलाव आतच आहे, पोहण्याचे कपडे न्या. कॅनडात पर्यटकांना करपरतावा मिळत नाही.

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे मिनेसोटाला गेलात तर ब्लूमिंग्टनचा मॉल ऑफ अमेरिका चुकणार नाही. तो १९९२ चा. मधोमध पाळण्यांचं उद्यान आहे, आणि त्या राज्यात कपड्यांवर विक्रीकर नाही, म्हणून नातवंडांचे कपडे तिथेच घ्यावेत. ही जागा पूर्वी बेसबॉलच्या मैदानाची होती. हार्मन किलब्रू या बेसबॉलपटूने १९६७ मध्ये मारलेला चेंडू जिथे जाऊन पडला, तिथली लाल खुर्ची आता मॉलच्या भिंतीवर उंच टांगलेली आहे. चुकामूक झाली तर भेटायला त्या खुर्चीखाली जमा, ती एकच आहे.